गाडीची पाठवणी

आमच्याकडे एक जर्मन गाडी आहे. काळी, बुटकी, पेट्रोलवर चालणारी, दोन टर्बोंची. नवऱ्याने ती हैदराबादच्या एका डॉक्टरकडून वापरलेली घेतली. असल्या गाड्या लोक रविवारी कव्हर काढून फिरवतात आणि पुन्हा झाकून ठेवतात. आमची मात्र रोज सकाळी लातूरच्या एमआयडीसीत, आमच्या डाळमिलला जायची. मिल घरापासून इतकी जवळ, की इंजिन नीट गरम होण्याआधीच गाडी पोचलेली असायची. त्याच वेळी मी स्टँडवर उदगीरच्या एसटीत खिडकीची जागा शोधत असायचे. मी उदगीरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. म्हणजे लांबचा रस्ता माझा आणि लांबच्या रस्त्यासाठी बनवलेली गाडी त्याची.

मला त्या गाडीचा राग नव्हता. मी तिच्यावर जळायचे, ते वेगळं. संध्याकाळी घरी आल्यावर तो इंजिन लगेच बंद करत नसे. पळून आलेल्या गाडीचे टर्बो तापलेले असतात, थोडा वेळ इंजिन तसंच चालू ठेवावं लागतं. मिलपासून घरापर्यंत टर्बो काय तापणार? तरी तो बसून राहायचा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कान इंजिनकडे. मी दारात उभी असायचे. माझं बोलणं त्याने इतकं मन लावून ऐकल्याचं मला आठवत नाही.

गाडीवर प्रेम करायचं काम त्याचं होतं, सांभाळायचं माझं. डाळमिल म्हटली की उंदीर आलेच. गाडी दिवसभर शेडमध्ये तुरीच्या पोत्यांशेजारी उभी, बॉनेटखाली ऊब. उंदरांनी आत घर केलं आणि एका सेन्सरची वायर कुरतडली. हैदराबादहून माणूस येईपर्यंत नवरा जेवला नाही. तो माणूस आला, वायर जोडून गेला, आणि त्यानंतर बॉनेटखाली तंबाखूच्या पुरचुंड्या बांधायला मी सुरुवात केली. तंबाखूच्या वासाला उंदीर फिरकत नाहीत. शेजारीण म्हणाली, "मॅडम, साहेबांची तंबाखू सुटली अन् गाडीला लागली काय ओ?"

मग डाळीचं फोलपट. मिलच्या हवेत ते उडतच असतं. एअर फिल्टरमध्ये जातं, पुढच्या जाळीतून आत शिरून रेडिएटरवर बसतं. मी गाडीचं पुस्तक वाचून फिल्टर बदलायला शिकले. रंगाच्या ब्रशने रेडिएटरवरची धूळ काढायला शिकले. लातूरच्या बोअरचं पाणी कुकरच्या तळाला पांढरा थर धरतं, म्हणून इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटमध्ये ते मी कोणाला घालू देत नसे. टायरची हवा, प्रीमियम पेट्रोल कुठल्या पंपावर मिळतं, कुठल्या गतिरोधकावरून गाडी तिरकी काढायची म्हणजे पोट घासत नाही, हे सगळं मला पाठ. पाहुण्यांसमोर नवरा कौतुकाने म्हणायचा, "गाडीचं सगळं हीच बघते." स्वयंपाकाचं म्हणतात ना, तसंच.

चालवायला मात्र मिळत नसे. मला गाडी येते. आमची छोटी गाडी मी कितीतरी वर्षं चालवली, मुलगी पुण्याला शिकायला गेली तेव्हा ती तिला देऊन टाकली. एकदा मी या गाडीची चावी मागितली. तो म्हणाला, "ही वेगळी आहे गं. पाय जरा जास्त पडला तर उडते. उगं ताण कशाला घेतीस?"

माझ्या नणंदेला मात्र त्याने असं कधी सांगितलं नाही. ती नांदेडला असते, त्याच्याहून लहान. बियाण्यांची एजन्सी चालवते, धर्माबाद-देगलूरपर्यंत एकटी गाडी घेऊन फिरते. लातूरला आली की हा तिच्याकडे चावी फेकायचा, ती एका हाताने झेलायची आणि दोघं औशाच्या रस्त्याला निघून जायचे. परत यायचे ते हसत, लाल चेहऱ्यांनी, शाळा बुडवून आलेल्या पोरांसारखे. "तिचा हात हलका आहे," तो मला सांगायचा. दोघं लहानपणी वडिलांच्या जीपवर एकत्र शिकले. मी त्या जीपवरही जळायचे. आणि ती तर माझ्या लग्नाआधीच भंगारात गेली होती.

यंदा नवरात्राच्या तोंडावर त्याची कंबर धरली. मणक्यातली चकती सरकली होती. डॉक्टरांनी आडवं राहायला सांगितलं आणि म्हणाले, बुटक्या गाडीत बसणं-उठणं काही महिने विसरा. नवरा तख्तपोसावर पडून छताकडे बघत राहिला. मी वाट बघत होते. अशी गाडी उभी ठेवली तर बॅटरी बसते, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर परत येतात. ती कोणीतरी चालवायलाच हवी होती, आणि घरात लायसन्स असलेलं दुसरं माणूस मीच होते.

त्याने नांदेडला फोन लावला. "तू घेऊन जा गाडी," मी चहा घेऊन आत येत असताना तो सांगत होता. "हितं उभी राहून खराब होईल. तुझ्याकडं नीट राहील."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "आणि मी?"

"तू एसटीनं जातीस की," तो म्हणाला. अगदी खरंखुरं आश्चर्य वाटून म्हणाला.

"परत कधी येणार गाडी?"

"बघू. माझ्या कंबरेचं काय सांगता येतंय? तिच्याकडंच राहिली तरी काय बिघडलं?" मग जरा थांबून, "दसऱ्याला येतीय ती न्यायला. तू जा सोबत नांदेडपर्यंत. कूलंट, तंबाखू, हवा, सगळं समजावून सांग तिला."

मुलीच्या सासूला आई सांगते ना, हिला तिखट चालत नाही, हिला सकाळी लवकर उठवत नाही. ते काम मला दिलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी नणंद एसटीने आली, रेशमी साडीत. भावाला पडल्या पडल्याच ओवाळलं. मग आम्ही दोघी पूजेसाठी बाहेर आलो. तिने नांदेडहून गाडीसाठी झेंडूचा हार आणला होता, मनगटाएवढा जाड. मी पहाटे उठून माझा ओवला होता, झेंडू, शेवंती आणि मध्ये मध्ये आंब्याची पानं. तोही काही बारीक नव्हता.

"वहिनी, तुमचा मागं लावा ना," ती म्हणाली. "पुढं मी आणलाय की."

"घरच्या गाडीला घरचा हार पुढं असतो, ताई."

"आजपासून माझ्या घरची झाली की ओ ती!" ती हसून म्हणाली.

मी आतून सुतळी आणली. तिने पुढच्या जाळीवर तिचा हार बांधला, त्याच्यावर मी माझा. मिलमध्ये डाळीच्या पोत्याचं तोंड बांधतात ती गाठ मारली. ती ओढावी तितकी आवळत जाते. गाडीचं खालचं तोंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बंद झालं. त्या जाळीमागे रेडिएटर असतो, त्याच्या पुढे टर्बोची हवा गार करणारी दुसरी जाळी असते, आणि दोन्हींना जाता जाता समोरून वारा लागतो. हे मला ठाऊक होतं, दर महिन्याला मीच तिथलं फोलपट काढत होते. पण त्या घटकेला मला एवढंच दिसत होतं की तिचा हार माझ्या हाराखाली पूर्ण झाकला गेला पाहिजे.

"चारी चाकांखाली लिंबं ठेवली का?" नवरा आतून ओरडला.

"ठेवली!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.

दुपारी निघालो. सीमोल्लंघनाचा दिवस, गाडीनेही सीमा ओलांडायला चांगला. पूजेचा हार त्या दिवशी आपल्या हाताने काढत नाहीत, म्हणून दोन्ही हार तसेच. चालवायला ती. मी डाव्या सीटवर, मांडीवर पिशवी, पिशवीत कूलंटची बाटली, ब्रश, तंबाखू.

तिचा एखादा गतिरोधक चुकावा म्हणून मी टपून बसले होते. चाकूरला तिने गाडी तिरकी काढली. अहमदपूरलाही काढली. मी सांगायला सुरुवात केली, "ताई, कूलंटमध्ये बोअरचं पाणी..."

"घालायचं न्हाई. सांगितलंय दादानं."

"आणि बॉनेट उघडून आठवड्याला..."

"तंबाखू बदलायची. हाव, ते बी सांगितलंय."

"फोलपट..."

"ब्रशनं. वहिनी, दादा फोनवर सगळं सांगत असतो."

माझी सगळी कामं माझ्याआधी नांदेडला पोचली होती. मी पिशवीचं तोंड बंद केलं.

अहमदपूरनंतर रस्ता मोकळा लागला आणि तिने पाय दाबला. माझी पाठ सीटला चिकटली. हसू आलं, ते मी दाबलं. एवढे दिवस मी हिची जाळी साफ करत होते, फिल्टर बदलत होते, आणि ही काय करू शकते हे मला आज कळत होतं, तेही डावीकडे बसून. नणंद एका हाताने चालवत होती. हात खरंच हलका होता. मला तो हात अजिबात बघवत नव्हता.

लोहा गाव जवळ आलं तेव्हा पडद्यावर इशारा आला. इंजिन तापलंय, हळू चालवा. पाठोपाठ गाडीचा जोर गेला. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत आम्हाला ओलांडून गेला.

"हे काय झालं हिला?" ती म्हणाली. "पाय दाबला तरी जाईना!"

"दाबू नका. एसी बंद करा. हीटर लावा, पूर्ण."

"हीटर? वहिनी, बाहेर ऊन बघा की!"

"लावा म्हणते ना. इंजिनची उष्णता आत ओढली जाते त्यानं."

तिने लावला. काचा खाली घेतल्या तरी भट्टीत बसल्यासारखं झालं. दोघी रेशमी साड्यांत, घाम कपाळावरून गळ्यापर्यंत, तिचं कुंकू नाकावर ओघळलेलं. आम्ही रांगत रांगत कडेच्या कडुलिंबाच्या झाडाखाली आलो. पंखा काही वेळ फिरू दिला, तापमानाचा काटा उतरायला लागला तेव्हा तिला इंजिन बंद करायला सांगितलं.

झाडाखाली एक चाचा सीताफळांची टोपली घेऊन बसले होते. एक म्हातारा शेतकरी मोटरसायकल लावून त्यांच्याशी बोलत होता. तो उठून गाडीच्या पुढे आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "नवरी घिऊन चाललाव जनू. तोंड तर दिसंना हिचं."

"सेहरा बांधलाय ना," चाचा म्हणाले. "पानी मारू का मॅडम? ठंडी होऊन जाईल."

"एक थेंब नको, चाचा. तापल्या इंजिनवर गार पाणी पडलं तर तडकेल. चाकू असेल तर द्या, हार कापायचेत."

"सीताफळाला चाकू कशाला लागतो, मॅडम?"

मी म्हाताऱ्याकडे बघितलं. त्याने आधीच हात वर केले. "इळा हाय घरला, पर आज त्याला कामाला लावत न्हाईत. पुजलाय. उद्या म्हना, लगीच देतो."

म्हणजे हातानेच सोडायचं. आम्ही दोघी गाडीपुढे बसलो, रस्त्यावर, धुळीत.

"तुमचा वरती हाय, तुमचा आधी काढा," नणंद म्हणाली.

"तुमचा जाड आहे. तापली ती त्यानं."

"पूजेचा हार मी न्हाई काढणार आज. दादाची कंबर आधीच तशी, उगं अपशकुन नको."

"कंबर माझ्या नवऱ्याची पण आहे, ताई."

म्हातारा मोठ्याने हसला. नणंदेने त्याच्याकडे रागाने बघितलं, मग माझ्या सुतळीला हात घातला. गाठ सुटेना. तिने नखं लावली, दात लावायला निघाली. "कसली गाठ मारलीय ओ ही?"

"पोत्याची."

"गाडीला पोत्याची गाठ!" ती हसायला लागली. मला हसू आलं नाही, मी दुसऱ्या टोकाची गाठ सोडवत होते. शेवटी दोन्ही हार निघाले. आत बघते तर पाकळ्या वाऱ्याने जाळीत ठासून बसलेल्या, वाटलेल्या चटणीसारख्या. मी ब्रश काढला. केसांतली पिन काढून तिलाही दिली.

आम्ही दोघी टोकरत राहिलो. मग ती जाळीकडेच बघत म्हणाली, "दादा फोनवर गाडीचंच बोलतो. म्हणजे तुमचंच. हिनं फिल्टर बदलला, हिनं उंदराचा बंदोबस्त केला, ही नसती तर गाडी कधीच भंगारात गेली असती. रोज तेच. मला वाटलं, गाडी माझ्याकडं आली म्हणजे काही दिवस तरी माझं बोलंल."

मला तिची दया यायला हवी होती. माझ्या मनात आलं ते वेगळंच. हे सगळं तो हिच्याशी बोलला, रोज बोलला, आणि मला एकदाही म्हणाला नाही. माझं कौतुकसुद्धा नांदेडलाच गेलं होतं.

"उजव्या कोपऱ्यात पाकळ्या राहिल्यात," मी म्हणाले.

काम झाल्यावर मी कूलंटची पातळी बाहेरून बघितली, झाकणाला हात लावला नाही, आणि इंजिन चालू करून बघितलं. इशारा गेला होता. चाचांनी दोघींच्या हातात एकेक सीताफळ ठेवलं, म्हणाले, सण आहे, खा. नणंद चालवायला बसली. बसली आणि तशीच राहिली.

"वहिनी, मला न्हाई जमायचं. परत तापली म्हणजे?"

"उतरा," मी म्हणाले.

"तुम्ही?"

"हो, मी."

ती उतरून पलीकडे गेली. मी सीट पुढे घेतली, आरसे लावले. लोहा गावातून गाडी कासवासारखी काढली. बाहेर पडल्यावर काट्याकडे बघत राहिले. काटा जागेवर होता. मग समोर रस्ता रिकामा दिसला आणि मी पाय दाबला, जरा जास्तच.

उडत वगैरे काही नाही. ती फक्त जाते. आपण मनात आणतो आणि ती तिथे असते. मला एकदम कळलं की तो संध्याकाळी आत बसून काय ऐकत असायचा, आणि एवढे दिवस हे त्याने एकट्याने ऐकलं याचा मला नव्याने राग आला.

"वहिनी, हळू!" नणंद दाराची मूठ धरून ओरडली.

तो शब्द मी पुन्हा ऐकावा म्हणून पाय जरा वेळ तसाच ठेवला.

नांदेडला तिच्या दारात गाडी लावली. तिने चहा केला. मी पाणी प्यायले, चहा घेतला आणि चावी उचलून निघाले. ती गेटापर्यंत आली.

"चावी ठिवता ना?"

"नाही."

"दादाला काय सांगू मग?"

"मी सांगते त्यांना."

तिने गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला. मग आत गेली, आपट्याची पानं घेऊन आली, माझ्या हातात ठेवली. "सोनं घ्या, वहिनी," म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. रीत ती रीत. मीही तिला पानं दिली. गाडी वळवताना आरशात ती गेटाशी उभी दिसली. तो चेहरा मला नवा नव्हता. औशाच्या रस्त्याला दोघं निघून गेल्यावर मी तोच घेऊन दारात उभी राहायचे. तरीही मी थांबले नाही.

अंधार पडल्यावर लातूरला पोचले. गेटातून गाडी आत घेतली आणि टर्बोसाठी थोडा वेळ बसून राहिले. आज ते खरोखर तापलेले होते. आतून नवऱ्याचा आवाज आला, "परत आणली का गं तिनं? मला वाटलंच. किती अलगद आली आत."

मी खोलीत गेले. "मी आणली."

तो मान वळवून बघत राहिला. "एकटीनं? नांदेडहून?"

"मग काय, ढकलत?"

"अगं पण तिला दिली होती ना मी?"

"दिली होती. मी आणली. सोमवारपासून उदगीरला गाडीनं जाणार आहे. तुम्हाला तिच्याबद्दल काही विचारायचं असेल तर मला विचारा. नांदेडला नाही."

तो छताकडे बघायला लागला. म्हणाला, "गरम का झाली होती?" म्हणजे नांदेडहून फोन येऊन गेला होता, चावीचं सांगणं मात्र तिने माझ्यावर सोडलं होतं.

तेव्हापासून मी गाडी घेऊन उदगीरला जाते. स्टाफरूममध्ये पहिले काही दिवस बोलणी झाली, आता थांबली आहेत. कॉलेजच्या आवारात उंदीर नाहीत, कबुतरं आहेत, त्यांचा बंदोबस्त निघायचा आहे. गाडीही सुधारली आहे. रोज लांब पळते, तिला तेच हवं होतं. नणंदेचा फोन आता मला येतो. काटा कुठे होता, कशी चालली, असं विचारते. मी मोजकं सांगते. सगळं सांगितलं तर तिला वाटेल आपणच चालवतोय.

दिवाळी झाली, नवऱ्याची कंबर बरीच सुधारली. परवा त्याने चावी मागितली. डॉक्टरांनी थोडं चालवायला हरकत नाही म्हटलं होतं.

"मला कॉलेज आहे," मी म्हणाले.

"गाडी माझी आहे गं."

"आहे की. बसा शेजारी, उदगीरला येऊन जा."

मला वाटलं रागावेल. तो कमरेला पट्टा बांधून, हळूहळू वाकून डावीकडे बसला. आम्ही शहराबाहेर पडलो. मग गाडीने वेग घेतला तसा त्याने डोळे मिटले, डोकं जरा तिरकं करून ऐकायला लागला आणि तळहात डॅशबोर्डवर ठेवला, अगदी अलगद, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी रस्त्याकडे बघायचं सोडून त्या हाताकडे दोनदा बघितलं.

"हात काढा," मी म्हणाले. "डाग पडतात."